राखीव जागा आणि हक्काचा मतदार

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी लाहोर येथे मरियम नवाझ यांनी पंजाब प्रांताच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. पाकिस्तानातील कोणत्याही प्रांताला स्त्री मुख्यमंत्री मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पाकिस्तान अस्तित्वात येऊन तेव्हा शहात्तर वर्षे उलटून गेली होती, आणि बेनझीर भुट्टो यांनी देशाचे पंतप्रधानपद प्रथम स्वीकारले त्यालाही पस्तीस वर्षे झाली होती. देशाचे सर्वोच्च कार्यकारी पद स्त्रीला आधी मिळावे आणि प्रांताचे मिळण्यास आणखी एक पिढी जावी, हा क्रम वरवर पाहता उलटा वाटतो. परंतु पाकिस्तानच्या प्रांतिक राजकारणाची घडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. प्रांताचे राजकारण म्हणजे जमीन, कालव्याचे पाणी, पोलीस ठाणे आणि पटवारी यांच्यावरील सत्तेचे राजकारण. ही सत्ता घराण्याघराण्यांतून पुरुषांकडून पुरुषांकडे जात आली. बेगम राणा लियाकत अलीखान १९७३ मध्ये सिंधच्या गव्हर्नर झाल्या हे खरे. तथापि ते पद नेमणुकीचे होते, निवडणुकीचे नव्हे.

मरियम नवाझ यांच्या शपथविधीनंतर ‘पहिली स्त्री’ या शब्दांचा पुष्कळ गजर झाला. त्या गजरात त्याच लाहोर शहरातून १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेवर निवडून गेलेल्या एका स्त्रीचे स्मरण मात्र फारसे कोणी केले नाही. बेगम जहाँआरा शाहनवाझ यांची राजकीय कारकीर्द नव्याने तपासून पाहण्यासारखी आहे. ती थोर होती म्हणून नव्हे, तर विधिमंडळातील स्त्रीचे बळ नेमके कशात असते, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडते म्हणून.

जहाँआरा बेगम यांचा जन्म १८९६ चा. लाहोरचे नामांकित वकील आणि मुस्लिम लीगचे पुढारी सर मियाँ महंमद शफी यांच्या त्या कन्या. घर श्रीमंतीचे, इंग्रज अधिकाऱ्यांशी सलोखा राखून असलेले आणि तरीही मुलींच्या शिक्षणाबाबत आपल्या काळाच्या पुढे गेलेले. १९१८ मध्ये लाहोरला मुसलमान स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. तीत या बावीस वर्षांच्या तरुणीने बहुपत्नीत्वाच्या चालीविरुद्ध ठराव मांडून तो मंजूर करून घेतला. उर्दू वृत्तपत्रांत त्यावर मोठा गदारोळ झाला. ज्या वर्गातून परिषदेच्या प्रतिनिधी आल्या होत्या, त्या वर्गाला हा ठराव म्हणजे घरातच केलेला उठाव वाटला असल्यास आश्चर्य नाही.

त्या काळी पंजाबातील स्त्रियांना मताधिकारही नव्हता. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना तो १९२१ मध्ये मिळाला. पंजाबात त्यासाठी १९२६ उजाडावे लागले, आणि तोही मालमत्तेच्या अटीने बांधलेला. १९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली तेव्हा हिंदी स्त्रियांच्या वतीने दोघींना निमंत्रण मिळाले : मद्रासच्या राधाबाई सुब्बरायन आणि लाहोरच्या जहाँआरा शाहनवाझ. दुसऱ्या परिषदेत सरोजिनी नायडू त्यांना येऊन मिळाल्या. पहिल्या परिषदेत दोघींनी स्त्रियांसाठी राखीव जागांची मागणी केली होती. दुसऱ्या परिषदेच्या वेळी मात्र देशातील प्रमुख महिला संघटनांचे निवेदन सरोजिनीबाई आणि जहाँआरा बेगम यांनी संयुक्तपणे सादर केले, आणि त्यात सरसकट प्रौढ मताधिकार मागून राखीव जागा नाकारल्या होत्या. ‘मेहेरबानी नको, समान हक्क हवा’ असा त्या भूमिकेचा आशय होता.

ब्रिटिश सरकारने हे मानले नाही. १९३५ च्या कायद्याने स्त्रियांना राखीव जागा दिल्या. मुंबई प्रांताला सहा आणि पंजाबला चार. शिवाय त्या जातीय तत्त्वावर वाटल्या. पंजाबातील चारांपैकी दोन मुसलमान स्त्रियांच्या, एक शीख आणि एक सर्वसाधारण. मुसलमान स्त्रियांच्या दोन्ही जागा लाहोर शहरातल्या होत्या, एक आतल्या लाहोरची आणि दुसरी बाहेरच्या लाहोरची. यांपैकी बाहेरच्या लाहोरच्या जागेवर जहाँआरा बेगम १९३७ मध्ये निवडून आल्या आणि सर सिकंदर हयातखान यांच्या युनियनिस्ट सरकारात शिक्षण, वैद्यकीय मदत व सार्वजनिक आरोग्य या खात्यांच्या संसदीय सचिव झाल्या. १७५ सदस्यांच्या सभागृहात स्त्रिया जवळजवळ नगण्य होत्या. मतदारयाद्याही अपुऱ्या होत्या. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे साठ लाखच स्त्रियांना नव्या कायद्याने मत मिळाले होते. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. ही जागा राखीव असली तरी तिला मतदारसंघ होता. नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल असा शहराचा भाग होता, आणि यादीत नावे असलेले मतदार होते.

या गोष्टीचे मोल चार वर्षांनी कळून आले. १९४१ मध्ये व्हाइसरॉयने युद्धकाळासाठी राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमले आणि त्यावर जहाँआरा बेगमना घेतले. मुस्लिम लीगला न विचारता या नेमणुका झाल्या म्हणून बॅरिस्टर जीना संतापले, आणि लीगच्या सदस्यांनी मंडळाचे राजीनामे द्यावेत असे त्यांनी फर्मावले. पंजाबचे मुख्यमंत्री सर सिकंदर हयातखान आणि बंगालचे फजलुल हक यांच्यासारख्या मातब्बरांनी ते मानले. जहाँआरा बेगमनी नकार दिला. मंडळावर आपण स्त्रियांच्या प्रतिनिधी आहोत, ही त्यांची भूमिका होती. लीगने त्यांना पाच वर्षांसाठी पक्षाबाहेर काढले. मुख्यमंत्र्यांनी जे धैर्य दाखवले नाही ते राखीव जागेवरील एका स्त्री-सदस्याने दाखवले. नकारामागची राजकीय भूमिका बरोबर होती की चूक, यावर वाद होऊ शकतो. सरकारदरबारी असलेल्या घराण्याच्या ऋणानुबंधांचाही त्यात वाटा असेल. परंतु पक्षाने काढले तरी त्यांची आमदारकी गेली नाही, ती कोणाला काढून घेता आली नाही, हे महत्त्वाचे आहे.

पुढे त्या लीगमध्ये परतल्या. १९४६ मध्ये पुन्हा निवडून आल्या, आणि १९४७ च्या आरंभी खिज्र हयातखान तिवाना यांच्या मंत्रिमंडळाविरुद्ध लीगने जी कायदेभंगाची चळवळ केली तीत त्यांनी तुरुंगवास पत्करला. बुरखा सोडून रस्त्यावर आलेल्या स्त्रियांच्या मिरवणुका लाहोरने त्या वेळी प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाहिल्या. २ मार्च १९४७ रोजी खिज्र यांनी राजीनामा दिला. आणि त्यानंतर काही दिवसांतच लाहोर, अमृतसर, रावळपिंडी येथे जो रक्तपात सुरू झाला त्याने अखेरीस सारा पंजाब व्यापला. त्यात सर्वांत भीषण हाल सर्व धर्मांच्या स्त्रियांचेच झाले. जहाँआरा बेगम यांच्या धैर्याचा गौरव करताना इतिहासाची ही दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. ज्या चळवळीने स्त्रीला उंबरठ्याबाहेर आणले, तिच्याच परिणतीने लक्षावधी स्त्रियांचे उंबरठेच नाहीसे केले.

तथापि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत भरीव काम यानंतरचे आहे. ते गाजले कमी आणि टिकले अधिक. पंजाबात जमिनीचा वारसा धर्मशास्त्राने नव्हे, तर रिवाजाने, म्हणजे जमातीच्या रूढीने ठरत असे. इंग्रज अधिकाऱ्यांनी या रूढी गावोगाव नोंदवून घेऊन त्यांना जवळजवळ कायद्याचे रूप दिले होते. रूढीप्रमाणे मुलीला लग्न होईपर्यंत पोटगी. जमीन मुलांची, आणि मुलगे नसतील तर भाऊबंदांची. इस्लामी कायद्याप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा का होईना, पण निश्चित हिस्सा आहे. १९३७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळाने शरियत कायदा केला खरा, परंतु त्यातून शेतजमीन वगळण्यात आली. शेतजमीन हा प्रांताचा विषय, ही त्यामागील कायदेशीर अडचण होती. पण पंजाबच्या जमीनदारांची इच्छाही त्याहून वेगळी नव्हती. धर्माच्या नावाने राज्य मागणारे लोक बहिणीला जमीन देण्याची वेळ येताच रूढीच्या आडोशाला जात होते.

१९४८ मध्ये पश्चिम पंजाबच्या विधानसभेपुढे शेतजमिनीलाही वारसाहक्क लागू करणारे विधेयक यायचे होते. ते कार्यक्रमपत्रिकेवरून मागे पडत असल्याचे दिसताच जहाँआरा शाहनवाझ आणि दुसऱ्या स्त्री-सदस्या सलमा तसद्दुक हुसेन यांनी सभागृहातील भाषणांवर समाधान मानले नाही. हजारो स्त्रियांचा मोर्चा विधानसभेवर गेला, आणि विधेयक मंजूर झाले. मुसलमान स्त्रीचा शेतजमिनीवरील वारसाहक्क पंजाबच्या कायद्यात अशा रीतीने आला. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या असताना आणि सभागृहात जमीनदारांचे प्राबल्य असताना दोन स्त्रियांनी हे घडवून आणले. त्यांचे संख्याबळ दोनच होते. पण सभागृहाबाहेर त्यांच्या हाकेला येणारा समुदाय होता.

पाकिस्तानच्या घटना समितीतही दोनच स्त्रिया होत्या, जहाँआरा बेगम आणि शाइस्ता इक्रामुल्ला. तेथे १९५४ मध्ये जहाँआरा बेगमनी स्त्रियांच्या हक्कांची सनद पुढे आणली. पुढे १९६१ च्या कौटुंबिक कायद्याच्या वटहुकुमाने दुसऱ्या लग्नासाठी लवाद मंडळाची परवानगी आवश्यक ठरवली, तेव्हा १९१८ च्या त्या ठरावाचा काही अंश त्रेचाळीस वर्षांनी कायद्यात उतरला. २७ नोव्हेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद वटहुकूम काढले होते. एका आयुष्यात मिळवलेले एका लष्करी राजवटीत कसे धोक्यात येते, हे पाहूनच त्यांना जावे लागले.

पण झियांच्या उघड हल्ल्याइतकाच परिणामकारक असा एक न दिसणारा बदल तत्पूर्वीच होऊन गेला होता. १९५६ च्या घटनेने स्त्रियांच्या राखीव जागांसाठी स्वतंत्र प्रादेशिक मतदारसंघ ठेवले होते आणि स्त्रीला दोन मते दिली होती, एक सर्वसाधारण जागेसाठी व एक राखीव जागेसाठी. त्या घटनेखाली एकही सार्वत्रिक निवडणूक होऊ शकली नाही. १९५८ मध्ये लष्करी कायदा आला. अयुबखानांच्या १९६२ च्या घटनेने राखीव जागा ठेवल्या, पण मतदार काढून टाकला. सभागृहाचे सदस्यच स्त्री-सदस्यांची निवड करू लागले. १९७३ च्या घटनेनेही तीच पद्धत कायम ठेवली. मुदत संपल्यामुळे १९८८ च्या निवडणुकीनंतर या जागाही रद्द झाल्या आणि नव्वदीच्या दशकातील सभागृहांत स्त्रिया अपवादापुरत्याच उरल्या. २००२ मध्ये जनरल मुशर्रफ यांनी त्या भरघोस प्रमाणात परत आणल्या. पंजाबात ६६, सिंधमध्ये २९, वायव्य सरहद्द प्रांतात २२ आणि बलुचिस्तानात ११. संख्येच्या दृष्टीने ही झेप मोठी होती. परंतु निवडीची रीत अशी की, पक्षाने नावांची क्रमवार यादी निवडणूक आयोगाकडे द्यावी, आणि सर्वसाधारण जागा जितक्या जिंकल्या त्या प्रमाणात यादीतील वरची नावे सभागृहात जावीत. मतदाराने यादीतील एकाही स्त्रीपुढे शिक्का मारायचा नाही.

या पद्धतीने आलेल्या स्त्रियांनी काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुलामुलींच्या विवाहाचे किमान वय अठरा करणारा कायदा सिंध विधानसभेने २०१४ मध्ये मंजूर केला, आणि त्यात राखीव जागांवरील स्त्री-सदस्यांचाच पुढाकार होता. प्रश्न विचारणे, अशासकीय विधेयके मांडणे, उपस्थिती राखणे या कामांत पुष्कळदा त्याच पुरुष सदस्यांपेक्षा सरस ठरल्या. प्रश्न त्यांच्या कर्तबगारीचा नाही. त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा आहे.

तो २०२२ मध्ये पंजाबातच लख्ख दिसला. मुख्यमंत्र्यांच्या निवडीत पक्षादेश मोडल्याबद्दल इम्रान खान यांच्या पक्षाच्या २५ आमदारांची सदस्यत्वे रद्द झाली. त्यांपैकी वीस सर्वसाधारण जागांवरील होते. तेथे १७ जुलै रोजी पोटनिवडणुका झाल्या, आणि पदच्युत झालेल्यांपैकी अनेक जण नव्या पक्षाच्या तिकिटावर मतदारांपुढे उभे राहिले. बहुतेक पडले, पण पडले ते मतदारांच्या निवाड्याने. उरलेल्या पाच जागा राखीव होत्या, तीन स्त्रियांच्या आणि दोन अल्पसंख्याकांच्या. तेथे निवडणूक झाली नाही. यादीतील पुढची नावे वर सरकली. त्या तीन स्त्रियांनी केले ते योग्य की अयोग्य हा प्रश्न वेगळा. परंतु न्याय मागण्यासाठी ज्याच्या दारी जावे असा मतदारच त्यांना नव्हता. १९४१ च्या जहाँआरा बेगम आणि २०२२ च्या या तीन सदस्या यांच्यातील अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

२०२४ च्या निवडणुकीनंतर तर राखीव जागा कोणत्या पक्षाच्या पदरात पडाव्यात यावरच पाकिस्तानात दीर्घ कज्जा चालला. १२ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने त्या इम्रान खान यांच्या पक्षाला दिल्या. २७ जून २०२५ रोजी घटनापीठाने तो निकाल फिरवला. केंद्रात आणि प्रांतांत कोणाचे बहुमत किती होणार, हा सारा हिशेब या जागांवर अवलंबून होता. वकिलांनी पक्षांचे हक्क मांडले, न्यायमूर्तींनी घटनेच्या कलमांचा कीस काढला. या जागा मुळात ज्यांच्यासाठी निर्माण झाल्या त्या स्त्रियांना आपले प्रतिनिधित्व कोणी करावे हे विचारण्याची सोय मात्र या व्यवस्थेत कोठेच नव्हती.

याच देशात निवडणूक कायद्यातील एक लहानसे कलम किती परिणाम करू शकते हेही दिसले आहे. एखाद्या मतदारसंघात एकूण मतदानातील स्त्रियांचा वाटा दहा टक्क्यांपेक्षा कमी भरला तर निवडणूक रद्द करण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने आयोगाला दिला. २०१८ मध्ये खैबर पख्तुनख्वा प्रांतातील शांगला येथील एका जागेची निवडणूक या कारणावरून रद्द झाली आणि सप्टेंबरात फेरमतदान घ्यावे लागले. स्त्रियांनी मतदान करू नये असे आपसांत ठरवून टाकण्याची ज्या भागांत पुरुषांना सवय होती, तेथे उमेदवाराला स्त्रीच्या मतावाचून निवडून येता येत नाही असे प्रथमच ठरले. राखीव जागांची संख्या एकाने न वाढवताही स्त्रीचे राजकीय वजन त्या दिवशी वाढले.

मरियम नवाझ यांच्या निवडीचे मोलमापनही याच कसोटीने करावे लागेल. त्या तीन वेळा पंतप्रधान झालेल्या नवाझ शरीफ यांच्या कन्या आहेत. घराणेशाहीचा आक्षेप त्यांना लागू आहेच. पण तो बेनझीर भुट्टोंनाही लागू होता, आणि जहाँआरा बेगमनाही. त्यांनी आपल्या आत्मचरित्राचे नावच ‘पिता आणि कन्या’ अशा अर्थाचे ठेवले. दक्षिण आशियात पहिले दार बहुधा वडिलांनीच उघडलेले असते. मात्र मरियम नवाझ लाहोरच्या एका सर्वसाधारण मतदारसंघातून विधानसभेवर आल्या, पक्षाच्या यादीतून नव्हे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्या स्त्रीला असा पिता नाही, तिला ही वाट केव्हा मोकळी होणार, हा खरा प्रश्न आहे. आणि यादीच्या पद्धतीत त्याचे उत्तर नाही.

हा प्रश्न सरहद्दीपलीकडचा म्हणून सोडून देण्याजोगाही नाही. भारताने पंचायती आणि नगरपालिका यांत स्त्रियांसाठी राखून ठेवले ते मतदारसंघ आणि प्रभाग. महाराष्ट्राने १९९० मध्ये तीस टक्के आणि २०११ मध्ये निम्म्या जागा अशा रीतीने दिल्या. संसद व विधानसभांसाठी २०२३ मध्ये झालेल्या घटनादुरुस्तीतही थेट निवडणुकीचेच तत्त्व आहे. सरपंच बाई आणि कारभार पतिराजांचा, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. तरीसुद्धा नळाला पाणी आले नाही तर गावकऱ्यांना जाब विचारायला एक बाई आहे, आणि पाच वर्षांनी मत मागायला तिला त्याच गावात यावे लागते. या सक्तीतूनच कित्येक जणी पतिराजांना बाजूला सारून कारभार शिकल्या. ही सक्ती मोलाची आहे, आणि सोय म्हणून कोणी तिच्यात सूट देऊ केली तर ती नाकारली पाहिजे.

जहाँआरा बेगमनी मिळवून दिलेल्या जमिनीच्या हक्काचे पुढे काय झाले, हेही या दृष्टीने बोलके आहे. कायदा झाला, पण गावोगाव बहिणींनी आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून दिला, किंवा त्यांना तो सोडावा लागला. अखेर २०११ मध्ये स्त्रीला फसवून वा बेकायदा मार्गाने वारशापासून वंचित ठेवणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवावा लागला. महाराष्ट्रातील बहिणींच्या हक्कसोडपत्रांची कहाणी याहून फार निराळी नाही. सातबाऱ्यावर नाव असणे आणि जमीन आपल्या वहिवाटीत असणे यांतील फरक शेतकऱ्याच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. विधिमंडळातील जागेचेही तसेच आहे. पाकिस्तानच्या प्रांतिक सभागृहांत आज स्त्रियांची नावे पुष्कळ आहेत. वहिवाट अद्याप पक्षप्रमुखांची आहे. ज्या दिवशी या जागांना पुन्हा मतदार मिळतील, त्या दिवशी १९४८ मध्ये विधानसभेवर चालून गेलेल्या स्त्रियांचे उरलेले काम पुढे सरकेल.